पालथा पाटा

ट्रॉय, मिशिगन
१७ मे १९८४

उत्तरा,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात वेगळे लिहायला नकोत.

मी सुखरूप पोचले हे तू बाबांना विचारून घेतलंस. फोन मीच उचलला होता. "बाबांना दे," एवढंच म्हणालीस, आणि मी मुकाट्याने दिला. सत्तावीस वर्षांच्या घोडीला आईशी दोन वाक्यं बोलता येऊ नयेत म्हणजे कमाल झाली. विमानतळावर सोडतानाही तुझं तेच. चार तास गाडीत शेजारी बसून गप्प. मी म्हटलं, नेवाडाच्या उन्हाने पोरीचं डोकं तापलंय, उतरेल. आज नऊ दिवस झाले.

तुमच्या त्या कँपबद्दल इथे सगळ्यांना सांगून माझं तोंड दुखलं. पाच तंबू, पाणी ड्रममधलं, चाळीस मैल गाव नाही, आणि तू त्या भुईत ब्रशने माती झाडत बसलेली. "इथे माणूस राहतं तरी कसं?" असं मी विचारल्यावर हसली होतीस. "आई, साडेनऊ हजार वर्षांपूर्वी इथे समोर तळं होतं, आणि या कपारीत माणसं राहत होती," म्हणालीस. ती पांढरी खारट जमीन बघून मला खरं वाटेना.

मग मी आले त्याच दुपारी तो पाटा निघाला. तुम्ही सगळे मेटाटे म्हणत होतात, मी पाटाच म्हणणार. पालथा होता. डॉक्टर व्हेलन म्हणाले, दरड पडून उलटला असेल. मी म्हटलं, छे, पाटा असा पालथा पडत नाही, पालथा घातलाय. वाटायची बाजू खाली, म्हणजे धूळ बसायला नको. बाई परत येणार होती. तू तिथल्या तिथे ते वहीत लिहून घेतलंस आणि डॉक्टर व्हेलनना "माय मदर सेज" म्हणून सांगितलंस. त्यांनी टोपी काढून माझ्याकडे बघितलं. एवढा मान मला अमेरिकेत सोळा वर्षांत कुणी दिला नव्हता.

आता हे म्हणतात की त्या पाट्याचं काही बिघडलं. कुणी तरी तो धुतला, आणि वर त्याच्या खाचांत काही पिवळं पिवळं सापडलं, चौकशी चालू आहे. मला त्यातलं काही माहीत नाही. सोमवारी दिवसभर मी तंबूत पडून होते, डोकं ठणकत होतं, तुलाही ठाऊक आहे. मी त्या दगडाला हातसुद्धा लावलेला नाही. कँपवर तुम्ही आठ जण होतात, त्यांना विचारा.

ह्यूस्टनच्या शैलेंद्रचा फोटो तुझ्या टेबलावर ठेवून आले आहे. नको असेल तर परत पाठव. फाडू नकोस, त्यांना द्यावा लागतो.

आई


ट्रॉय
२४ जून १९८४

उत्तरा,

फोटो मिळाला. पाकीट उलटं करून झटकलं, आत चिठ्ठी नव्हती. शैलेंद्रच्या आईला सांगितलं, मुलीचं शिक्षण पुरं व्हायचंय. त्या म्हणाल्या, अजून? मी म्हटलं, हो, अजून.

मागच्या अंगणात टोमॅटो लावलेत. सशांनी अर्धे खाल्ले. तुझे बाबा रविवारी तुझ्याशी बोलतात आणि फोन ठेवल्यावर मला बातम्या सांगतात, रेडिओवर सांगतात तशा. उत्तराची तब्येत बरी आहे. उत्तरा सध्या खणायला जात नाही. उत्तराला विद्यापीठाच्या तळघरात लेबलं लिहायच्या कामावर बसवलंय. मी विचारते, का? ते चष्मा पुसतात.

परवा मात्र त्यांनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून सगळं नीट समजावलं. डॉक्टर व्हेलन आणि त्यांच्यासारखे मोठमोठे लोक इतकी वर्षं लिहीत आलेत की त्या काळातली ती माणसं शिकारी होती, पुरुष जनावरं मारून आणायचे आणि सगळे ती खायचे. आणि तू म्हणतेस की नाही, बायका त्या तळ्याकाठच्या गवताचं बी गोळा करून वाटत होत्या, पोटं त्याच्यावरच भरत होती. त्या पाट्याखालच्या कोळशावरून त्याचं वय ठरलं. पण त्याच्यावर काय वाटलं होतं ते कळायला त्याच्या खाचांत अडकलेले कण हवे होते. बियांचे, परागांचे. पालथा होता म्हणूनच ते टिकले होते. ते एकदा धुतले गेले की संपलं. यांनी सारखं "एकच होता, एकच होता" असं म्हटलं. तुझा प्रबंध त्याच्यावर उभा होता म्हणे.

म्हणून सांगते. मी मागे लिहिलं की हात लावला नाही, ते अगदीच तसं नाही. एकदा रुमालाने वरची धूळ झटकली होती. एवढ्याने काही होत नाही ना? धूळच ती. आणि पिवळं म्हणशील तर तिथली मातीच पिवळट होती, मी माझ्या डोळ्यांनी बघितली. डॉक्टर व्हेलनना मातीचं तपासायला सांग.

तळघरात गारठा असेल. तुझा निळा स्वेटर इथेच राहिलाय, पाठवते.

आई


ट्रॉय
५ सप्टेंबर १९८४

उत्तरा,

स्वेटर पोचला की नाही ते कळवलं नाहीस. पोचला असं धरते.

मंडळाचा गणपती यंदाही चर्चच्या तळघरात झाला. दीडशे पानं जेवली. मी एकवीस मोदक करून नेले होते. आरती झाल्यावर नीलाताईंनी विचारलं, "तुमची उत्तरा काय शोधतेय हो वाळवंटात? सोनं?" मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सोनं कसलं घेऊन बसलात, साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचा पाटा सापडलाय तिला." चार बायका जमल्या. मी पाटा किती लांब, किती रुंद, मध्ये घासून कसा खोलगट झालेला, पालथा कसा ठेवलेला, सगळं रंगवून सांगितलं. नीलाताई म्हणाल्या, "वा! मग पेपरात कधी येणार?"

मी म्हटलं, येईल.

गाडीत बसल्यावर मी यांना म्हटलं, येईल ना हो? तेव्हा तुझे बाबा जे म्हणाले ते तुला लिहिते. ते म्हणाले, तिच्या खात्यात काही लोक म्हणताहेत की तिने मुद्दाम धुतला. तपासणीत बी वगैरे काही निघणार नाही आणि आपलं म्हणणं खोटं पडेल, या भीतीने पुरावाच घालवला. फेब्रुवारीत समिती बसणार आणि तिला पीएचडीला ठेवायचं की नाही ते ठरवणार.

उत्तरा, घरी आल्यावर उरलेला मोदक पुढे घेतला आणि न खाता परत डब्यात ठेवला.

तर ऐक. धुतला तो मी. रुमालबिमाल काही नाही. तुम्ही सगळे कपारीकडे गेला होतात. मी स्वयंपाकाच्या तंबूतून अर्धी बादली पाणी घेतलं, भांड्यांची घासणी घेतली, आणि पाटा धुतो तसा धुतला. चांगला खसखसून. उन्हात वाळवला. मग माझ्या पर्समध्ये हळदकुंकवाची डबी होती, त्यातलं बोटाने वाहिलं, डब्यातले तांदळाचे चार दाणे अक्षता म्हणून टाकले, नमस्कार केला. तुमच्या ट्रकचा आवाज आला तेव्हा घाईघाईने ओढणीने पुसून पिशवीत घातला. कुंकू गेलं. हळद खाचांत बसली. हळद कुठे निघते.

पण मला माहीत नव्हतं. हे तू लक्षात घे. साध्या बाईला कसं माहीत असणार की दगड धुवायचा नसतो? आपल्याकडे पाटा कुणी न धुता ठेवत नाही. जे केलं ते चांगल्या मनाने केलं.

आणि हे तुझ्या-माझ्यात राहू दे. डॉक्टर व्हेलनना सांगून आता काय होणार? धुतलेला दगड न धुतलेला होत नाही. तू हुशार आहेस, समितीपुढे काही तरी सांगशीलच. मला त्यात घेऊ नकोस.

आई


ट्रॉय
१८ नोव्हेंबर १९८४

उत्तरा,

दोन महिने मी पत्र लिहिलं नाही. तुला तेवढीच शांतता मिळाली असेल.

मागचं पत्र मला परत मिळालं तर मी ते चुलीत घालीन. "मला त्यात घेऊ नकोस." हे मी माझ्या हाताने लिहिलं आणि वर तिकीट चिकटवून पोस्टात टाकलं. आणि "साध्या बाईला" असं लिहिलं. साधी बाई! गेली चौदा वर्षं मी इस्पितळाच्या लॅबमध्ये काम करते. रक्ताच्या नळ्या, लघवीच्या बाटल्या, कुणाच्या फुप्फुसातलं काय नि कुणाच्या पाठीतलं काय. ज्याच्यावर चिठ्ठी आहे त्याला हात लावायचा नाही, हे मी झोपेतही सांगेन.

गेल्या मंगळवारी आमच्या नव्या मुलीने, डेबी तिचं नाव, एक नळी घाण दिसली म्हणून विसळली. आत एका पेशंटचं सॅम्पल होतं, तळाशी राहिलेलं. मी तिच्यावर अशी कडाडले की सगळी लॅब थांबली. "कान्ट यू रीड अ लेबल?" म्हटलं. ती रडायला लागली. म्हणाली, "आय डिडन्ट नो." आणि मी म्हणाले, "यू न्यू. यू जस्ट डिडन्ट वॉन्ट टु नो." ते वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मलाच ऐकू आलं. मी बाथरूममध्ये जाऊन दार लावून बसले.

मलाही माहीत होतं, उत्तरा.

पिशवीवर चिठ्ठी होती. तुझ्या अक्षरात, मोठ्या काळ्या अक्षरात: डू नॉट वॉश. खाली दोन रेघा. मी ती तीनदा वाचली. चिकटपट्टी नखाने सोडवली, फाटू नये म्हणून हळू सोडवली, कारण परत लावायची हे तेव्हाच ठरलं होतं. नकळत करणारी माणसं अशी पट्टी सोडवत नाहीत.

मग का केलं, ते तू विचारशील. मी स्वतःला दोन महिने विचारतेय. देवाधर्माची बाई म्हणून केलं असं सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण मी देवाधर्माची तरी कुठली, आपल्या घरी देवाला दिवा तुझे बाबा लावतात.

सोमवारी सकाळी मी शैलेंद्रचा फोटो काढला तेव्हा तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "आई, प्लीज. स्टे इन द टेंट अँड डोन्ट टच एनीथिंग." त्या सगळ्यांनी आपापल्या कॉफीकडे बघितलं. डॉक्टर व्हेलननीसुद्धा. परवापर्यंत "माय मदर सेज" होते, आज तंबूत बसायची बाई झाले. तुम्ही गेलात. मी त्या तंबूत तापत पडले, आणि बाजूच्या टेबलावर तो पाटा. त्याला तू फोम घातला होतास, खाली, वर, बाजूने. तू त्याला दोन्ही हातांनी उचललंस तेव्हा मी बघत होते. बाळ उचलतात तसं उचललंस. मला त्या दगडाचा राग आला. लिहायला लाज वाटते, पण दगडाचा मत्सर वाटला.

आणि तरी तो हातात घेतल्यावर राग टिकला नाही, हेही खरं. मधला खोलगट भाग माझ्या तळव्याला ओळखीचा वाटला. माझ्या आईच्या पाट्यावर असाच होता. तुझ्या पाचवीला त्या पाट्यावर पूजा मांडली होती, पाटा-वरवंटा धुऊन, हळदकुंकू वाहून, की बाळाला आयुष्य मिळू दे. सटवाई येते आणि कपाळावर लिहिते म्हणतात. मला वाटलं, या पोरीने लग्न नाही, मूल नाही, हाच जन्माला घातलाय. याची तरी पाचवी करू. आणि त्या बाईला, जी कोण होती तिला, तिच्या मागे कुणी दोन बोटं कुंकू लावलं असेल? असं सगळं एकदम मनात आलं. राग, माया आणि तुला दाखवून देण्याची खुमखुमी. यातलं किती काय होतं ते मला वेगळं करता येत नाही. पण चिठ्ठी वाचून केलं हे नक्की.

आणि दुसऱ्या दिवशी. ते तर मी अजून कुणापाशी बोललेच नाही. लॅबला पाठवायच्या आधी नीट बांधायला म्हणून तू पिशवी उघडलीस. पाटा उचललास, उजेडाकडे धरलास. मग माझ्याकडे बघितलंस. मी चहा पीत होते. आणि मी साळसूदपणे विचारलं, "काय गं, काय झालं?"

त्या तुझ्या नजरेत मला एक संधी होती. ती मी चहाबरोबर पिऊन टाकली.

डॉक्टर व्हेलनना पत्र लिहायला रोज बसते. "डिअर डॉक्टर व्हेलन"च्या पुढे लेखणी सरकत नाही. हळदीला टर्मरिक म्हणतात एवढं ठाऊक आहे. पण ती दगडाला का लावली हे इंग्रजीत लिहिलं की ते वेडगळ दिसतं. चार ओळी लिहिते, वाचते, फाडते. तो टोपी काढणारा माणूस वाचून काय म्हणेल, हे अजून माझ्या डोक्यातून जात नाही. बघ, अजूनही मला माझंच पडलंय.

आई


ट्रॉय
६ जानेवारी १९८५

उत्तरा,

पत्र टाकलं. काल सकाळी, बर्फातून चालत जाऊन, गाडी काढली नाही, कारण गाडी तापेपर्यंत माझा विचार बदलला असता.

एकच पान आहे. इंग्रजी माझंच आहे, बाबांकडून तपासून घेतलं नाही, त्यांना दाखवलंही नाही. लिहिलं की माझं नाव सुमित्रा, मी उत्तराची आई. सात मे रोजी दुपारी तुमच्या कँपमध्ये तुमचा दगड मी धुतला. चिठ्ठी वाचून धुतला. माझ्या मुलीने सकाळीच मला बजावलं होतं की कशाला हात लावू नकोस. ती तिथे नव्हती, तिला माहीत नव्हतं. मी प्रयोगशाळेत काम करते, तेव्हा मी काय करते आहे हे मला कळत होतं. पिवळं जे आहे ती हळद आहे, माझ्या डबीतली. सोबत चिमूटभर कागदात बांधून पाठवली आहे, तपासून ताडून पाहावी.

हळद का लावली ते लिहिलं नाही. विचारलं तर सांगेन.

तुला आता वाटेल की आई उशिरा का होईना सरळ झाली. तसं समजू नकोस. आठ महिने लागले मला एका पानाला.

आई


ट्रॉय
२७ जानेवारी १९८५

उत्तरा,

डॉक्टर व्हेलनचं उत्तर शुक्रवारी आलं. मी कामावरून आले तेव्हा पेटीत होतं. बूट न काढता वाचलं.

माणूस सभ्य आहे. लिहितात की पत्र लिहिणं सोपं गेलं नसेल. ते माझं पत्र समितीपुढे ठेवणार आहेत, आणि त्यांच्या मते तुझ्यावरचा ठपका त्याने पुसला जाईल. पुरावा मात्र गेला तो गेला, असंही स्पष्ट लिहिलंय. ते मी चार वेळा वाचलं. साडेनऊ हजार वर्षं त्या बाईने ठेवलं तसं होतं ते. वारा, पाऊस, तळं आटलं, सगळं झालं तरी होतं. तिने शेवटचं काय वाटलं, पोराबाळांना काय खाऊ घातलं, ते तुला कळणार होतं आणि तुझ्यामुळे जगाला. मी ते घासणीने दहा मिनिटांत काढलं. उत्तरा, मला याचं इतकं वाईट वाटतं की ते वाटून संपत नाही. सकाळी उठते तेव्हा ते तिथेच असतं.

पण त्यांनी शेवटी लिहिलंय ते मला समजेना. "युअर लेटर पझल्ड मी," म्हणतात, कारण त्यांच्याकडे तुझा लेखी जबाब आहे. त्याची प्रत जोडली होती. नऊ मेची. मला विमानतळावर सोडून तू परत गेलीस त्याच्या दुसऱ्याच दिवसाची. तुझं तेच काळं अक्षर. "मी धुतला. निष्काळजीपणे धुतला. पिवळा रंग माझ्या जेवणातल्या मसाल्याचा असेल. इतर कुणाचा संबंध नाही." खाली सही.

मी तो कागद घेऊन यांच्याकडे गेले. ते खुर्चीत पेपर वाचत होते. कागद बघितला आणि त्यांनी पेपर खाली ठेवला. म्हणाले, "मला मे महिन्यातच सांगितलं होतं तिने."

मी म्हटलं, "काय सांगितलं होतं?"

"सगळं. तिने पाटा उजेडाला धरला तेव्हाच तिला कळलं. हळदीचा वास येत होता त्याला."

"मग माझं नाव का नाही घेतलं तिने?"

त्यांनी पेपराची घडी घातली. मग तू जे म्हणालीस तेच त्यांनी तुझ्याच शब्दांत सांगितलं. "बाबा, दे वुड हॅव लाफ्ड ॲट हर. एव्हरी डिनर, ऑल सीझन. द लेडी विथ द टर्मरिक. आय कुडन्ट लेट देम."

आणि म्हणाले, "मला शपथ घातली होती, सुमित्रा. आईला सांगायचं नाही. तिला स्वतःहून बोलू दे. दर रविवारी विचारायची, आई काही म्हणाली का?"

दर रविवारी. आणि मी फोन उचलून तुला हवापाणी सांगायला बघायचे, आणि तू "बाबांना दे" म्हणायचीस, आणि मी इथे उभी राहून विचार करायचे की काय हट्टी पोर आहे, आईचा एवढा राग. तू हे विचारायला फोन मागत होतीस. आणि मी तुला पत्रात काय लिहीत होते? टोमॅटो. तिथली माती पिवळट होती. मला त्यात घेऊ नकोस. तू ते पत्र तळघरात लेबलं लिहिता लिहिता वाचलं असशील, तुझ्याच सहीनिशी माझी चूक लिहून दिलेली असताना.

तुझे बाबा म्हणाले, रडू नकोस. मी म्हटलं, मला रडू द्या, आठ महिने मी रडलेले नाही, मी फक्त घाबरले होते.

डॉक्टर व्हेलन लिहितात की समिती बारा फेब्रुवारीला आहे आणि माझं पत्र पुरेसं आहे, मी यायची गरज नाही. मी येणार आहे. लॅबमधून रजा घेतली. नीलाताईंनाही काल फोन करून सांगितलं की त्या पाट्याबद्दल पेपरात काही येणार नाही, कारण तो मी धुतला. त्या हसल्या. खरंच हसल्या, म्हणाल्या, अहो काय हे! मी थांबले, त्यांचं हसू संपू दिलं, मग सांगितलं की माझ्या मुलीचं शिक्षण जायच्या मार्गावर आहे. मग त्या हसल्या नाहीत.

तिथेही मला विचारतील, बाई, दगडाला हळद कशासाठी? मी सांगेन. पाचवी म्हणजे काय ते सांगेन, चिठ्ठी तीनदा वाचली तेही सांगेन, माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत. कुणाला हसू आलं तर येऊ दे. तू मध्ये पडायचं नाही, माझं भाषांतर करायचं नाही, आणि मान खाली घालायची नाही. सोमवारी, अकरा तारखेला, दुपारी दोन चाळीसला विमान पोचतं. घ्यायला यायला हवं असं नाही, मला पत्ता ठाऊक आहे.

क्षमेचं दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. ते समोर उभं राहून मागायचं आहे, आणि तू नाही म्हणालीस तर ते ऐकूनच परतायचं आहे. माझी लाज तू आठ महिने सांभाळलीस, उत्तरा. आता माझी मला परत दे.

आई